कोल्हापूर–नागपूर ७०० किलोमीटर, विमान ताशी ८०० चं; मग सव्वा-दीड तास जातो कुठे?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं शेकड्यांनी रद्द झाली, उरलेल्या विमानांची तिकिटं भलत्याच भावाला गेली आणि केंद्र सरकारनं भाड्यावर तात्पुरती कमाल मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० ला १२,०००, १,००० ते १,५०० ला १५,००० आणि त्यापुढे १८,०००. कर आणि विमानतळाची शुल्कं वेगळी. मर्यादा अंतरावर ठरणार म्हटल्यावर साधा प्रश्न उभा राहतो: कोल्हापूर–नागपूर यातल्या कुठल्या खान्यात बसतं?

रस्त्यानं विचाराल तर वाट धराल तसं सव्वाआठशे ते साडेनऊशे किलोमीटर. सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा रत्नागिरी–नागपूर महामार्ग धरला तर कमी. पुण्यावरून समृद्धीला लागलात तर जास्त. महाराष्ट्र एक्सप्रेसला विचाराल तर बाराशेच्याही वर, कारण ती बिचारी कोल्हापूरहून आधी पुणे आणि दौंड, मग अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला असा अख्ख्या राज्याला वळसा घालून नागपुरात येते आणि तिथून पुढे गोंदियाला जाते. इंटरनेटवर दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या पानांवर आकडा दिसतो साधारण ७००. वेळेचा तर बाजारच आहे. एक जण ५० मिनिटं म्हणतो, दुसरा सव्वा तास, आणि वेळापत्रक त्याहून थोडं जास्तच दाखवतं.

यात खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय, एवढंच.

अंतर नेमकं कुठून कुठे?

विमानाचं अंतर शहर ते शहर नसतं, विमानतळ ते विमानतळ असतं. कोल्हापूर म्हणजे इथे महाद्वार रोड नाही, उजळाईवाडी; नागपूर म्हणजे सीताबर्डी नाही, सोनेगाव. प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला बिंदू असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केलेले असतात. त्या दोन बिंदूंमधली पृथ्वीच्या पाठीवरची सर्वांत जवळची रेघ म्हणजे हवाई अंतर.

हे अंतर काढायला वेबसाइट लागत नाही, शाळेतलं गणित पुरतं. कोल्हापूर विमानतळ साधारण १६.६६ अंश उत्तर आणि ७४.२९ अंश पूर्व. नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशांतला फरक ४.४३ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे नागपूर कोल्हापूरच्या उत्तरेला जवळजवळ ४९२ किलोमीटर. रेखांशांतला फरक ४.७६ अंश. रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, त्यामुळे तिथे १११ चालत नाही. आपल्या पट्ट्यात एक अंश साधारण १०५ किलोमीटरचा पडतो. म्हणजे नागपूर पूर्वेला ५०० किलोमीटर. आता काटकोन त्रिकोण झाला, कर्ण काढायचा: ४९२ चा वर्ग अधिक ५०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं ७०१.

पृथ्वी गोल आहे, मग त्रिकोण सपाट कसा चालेल? एवढ्या अंतराला चालतो. मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोला चालणार नाही. तिथे जवळची वाट नकाशावर उत्तरेकडे चांगली फुगलेली दिसते. महाराष्ट्राच्या आत दोन-चार किलोमीटरच्या पलीकडे फरक पडत नाही.

तर खान्याचा प्रश्न मिटला. ७०० म्हणजे दुसरा खाना. नाशिक–नागपूर मात्र काठावरचं प्रकरण आहे. ओझरहून सोनेगावचं हवाई अंतर सुमारे ५४५ किलोमीटर, म्हणजे पाचशेची रेघ जेमतेम ओलांडून तेही दुसऱ्याच खान्यात.

हाच हिशेब इतर गावांना लावून पाहिला की नकाशा डोक्यात थोडा हलतो. कोल्हापूर–मुंबई सुमारे ३१० किलोमीटर, कोल्हापूर–हैदराबाद ४४५, कोल्हापूर–बंगळूर ५३०. म्हणजे कोल्हापूरकराला राज्याची उपराजधानी बंगळूरपेक्षा पावणेदोनशे किलोमीटर लांब पडते. हिवाळी अधिवेशनाला मोर्चा घेऊन जाणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही म्हणा.

ताशी आठशे, पण किती वेळ?

सातशे भागिले आठशे, साडेबावन्न मिनिटं. ५० मिनिटांचा आकडा येतो तो इथूनच, आणि गडबड होते तीही इथेच. जेट विमान ताशी आठशेनं जातं हे खरं, पण उंचावर गेल्यावर आणि सरळ मार्गाला लागल्यावर. छोट्या पल्ल्याच्या उड्डाणात ही अवस्था प्रवासाच्या निम्मा वेळही टिकत नाही.

समजा, तुम्ही सत्तर-ऐंशी आसनी जेटमध्ये बसलात. दार बंद झालं. इंजिनं सुरू व्हायला, तपासण्या व्हायला काही मिनिटं. मोठ्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीमार्ग, म्हणजे विमानाला जमिनीवरून सरपटायची वेगळी वाट, असतो. लहान ठिकाणी बहुधा नसतो. मग विमान धावपट्टीवरच येतं, तिच्यावरूनच रिक्षाच्या वेगानं शेवटच्या टोकापर्यंत जातं, तिथे पूर्ण वळून उभं राहतं आणि मग सुटतं. आत बसलेल्याला वाटतं, आता उडणार, आता उडणार. तोवर घड्याळात दहा मिनिटं गेलेली असतात आणि नागपूर एका इंचानंही जवळ आलेलं नसतं.

उडाल्यावर चढण. ३५ हजार फुटांपर्यंत जायला साधारण वीस मिनिटं लागतात. सुरुवातीच्या १० हजार फुटांत वेगावर बंधन असतं: २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर. (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. विमानवाले अजूनही त्यातच बोलतात, आपण किलोमीटरवरच राहू.) चढ संपेपर्यंत जमिनीवरचं दीड-दोनशे किलोमीटर अंतर मागे पडलेलं असतं.

उतरणीचा वैमानिकांचा एक जुना आडाखा आहे: दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ३५ हजार फुटांवरून उतरायचं तर १०५ मैल आधी, म्हणजे जवळजवळ १९५ किलोमीटर अलीकडेच नाक खाली करावं लागतं. नागपूरकडे जाताना यवतमाळ जिल्ह्यावर असतानाच उतरण सुरू होते. पुन्हा १० हजार फुटांखाली तीच वेगमर्यादा, आणि धावपट्टीजवळ येईतो वेग ताशी अडीचशेच्या आसपास.

म्हणजे ७०० पैकी चढणीला दोनशे, उतरणीला दोनशे. पूर्ण वेगाची मजा उरलेल्या तीनशे किलोमीटरांत, जेमतेम २२-२३ मिनिटं. चहाची गाडी मागच्या रांगेपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच पट्टे बांधायची सूचना येते, त्यात केबिन क्रूचा आळस नसतो.

रिक्षाचं मीटर आठवा. बसल्याबरोबर किमान भाडं पडतंच. कोपऱ्यावर उतरा नाहीतर पहिला टप्पा पूर्ण करा, तेवढे पैसे द्यावेच लागतात. त्याच्यापुढे किलोमीटरमागे दर लागतो. विमानाच्या वेळेचंही तसंच आहे. उड्डाण ३०० किलोमीटरचं असो की १,५०० चं, जमिनीवर सरपटणं, चढणं, उतरणं, वळून धावपट्टीच्या रेषेत येणं, हा अर्ध्या तासाचा किमान आकार ठरलेला. अंतराचा हिशेब त्याच्यावर. लांबच्या प्रवासात तो अर्धा तास पचून जातो, जवळच्या प्रवासात तोच डोळ्यावर येतो.

यावरून मी एक ढोबळ आडाखा वापरतो. जेट असेल तर किलोमीटरला १३ नं भागायचं आणि वर अर्धा तास धरायचा. ७०० भागिले १३ म्हणजे ५४ मिनिटं, अधिक ३०, झाली ८४. सव्वा ते दीड तासाच्या मधोमध. वेळापत्रकाशी पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे जुळतं.

विमान कुठलं, हे आधी बघा

वरचा हिशेब जेटचा. पण लहान गावांना जोडणाऱ्या मार्गांवर निम्म्या वेळा जेट नसतंच. बाहेर मोठे पंखे फिरताना दिसतात ते एटीआर ७२, सत्तरच्या आसपास आसनं, वेग ताशी पाचशेच्या थोडा वर. याउलट एम्ब्रेअर १७५ दिसायला लहान असलं तरी जेट आहे आणि एअरबसच्या बरोबरीनं, ताशी आठशेच्या घरात धावतं.

पंख्याच्या विमानासाठी किलोमीटरला ८ नं भागा आणि वर वीस मिनिटं धरा. इथे किमान आकार कमी का? ते फार उंच जातच नाही, २५ हजार फूट ही त्याची मर्यादा. चढ-उतार लवकर आटोपतो, आणि वेगच बेताचा असल्यामुळे तो कमी-जास्त करण्यात फारसा वेळ जात नाही. कोल्हापूर–मुंबईचे ३१० किलोमीटर या हिशेबानं तासाभरात होतात. जेटनं तेच अंतर ५४ मिनिटांत. फरक पाच-सहा मिनिटांचा! म्हणून जवळच्या मार्गावर कंपन्या खुशाल पंख्याचं विमान लावतात, कारण ते डिझेल गाडीसारखं इंधनाला बेताचं आणि आखूड धावपट्टीवरही चालतं. पण नागपूरचे ७०० किलोमीटर एटीआरनं गाठायचे म्हणजे पावणेदोन तास. अंतर वाढलं की जेटचा वेग वसूल व्हायला लागतो.

तिकीट काढताना विमानाचा प्रकार बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. वेळेत अर्ध्या तासाची तफावत दिसली तर कारण बहुधा तिथेच सापडतं.

वर चढल्यानं अंतर वाढत नाही का?

हा प्रश्न हमखास येतो. विमान दहा किलोमीटर वर जातं, दहा किलोमीटर खाली येतं, मग ७०० चे ७२० व्हायला हवेत. होत नाहीत, कारण ते लिफ्टसारखं सरळ वर जात नाही. २०० किलोमीटर पुढे जाता जाता १० किलोमीटर चढतं. त्या तिरक्या वाटेची लांबी काढली तर २०० किलोमीटर आणि वर २५० मीटर. उतरताना तेवढीच. सगळी मिळून अर्धा किलोमीटर.

दुसरा हमखास प्रश्न: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमानानं वर नुसतं थांबलं तरी नागपूर आपोआप खाली येणार नाही का? उलट ते लांब जायला हवं, हा भाग सोडा. मुद्दा असा की पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान हवेत पोहतं. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेबात थेट शिरकावच नाही.

हवा मात्र जमिनीच्या तुलनेत हलते तेव्हा फरक पडतो. त्याला आपण वारा म्हणतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरकस वारा वाहतो. महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेच्या कडेला येतो, तरी थोडा हात लागतोच. त्यामुळे जानेवारीत कोल्हापूरहून नागपूरला जाणारं विमान वाऱ्याच्या पाठबळावर आणि परतीचं वाऱ्याला तोंड देत येतं. पावसाळ्यात बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर वाऱ्याची दिशा उलटते, पूर्वेकडून पश्चिमेकडे. पण त्याचा जोर दक्षिणेकडे जास्त आणि आपली छोटी विमानं बरीचशी त्याच्या खालूनच जातात.

फरक किती पडतो? ताशी ५० किलोमीटरचा वारा अगदी मार्गाच्या रेषेत धरा. जेटला ७०० किलोमीटरला जाण्या-येण्यात मिळून सात मिनिटांचा फरक. एटीआरला त्याच वाऱ्यात सतरा मिनिटांचा. विमान जितकं सावकाश तितका वारा त्याला जास्त छळतो.

रेघ सरळ, वाट वाकडी

७०१ ही कागदावरची रेघ. प्रत्यक्ष विमान ती गिरवत नाही.

पहिलं कारण धावपट्टी. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि तोंडावरच उतरतं. उजळाईवाडीची धावपट्टी ०७/२५ क्रमांकाची आहे. या आकड्यांपुढे शून्य लावलं की दिशा मिळते: एका बाजूनं ७० अंश, म्हणजे पूर्व-ईशान्य, दुसऱ्या बाजूनं २५० अंश, म्हणजे पश्चिम-नैऋत्य. नागपूर कोल्हापूरहून जवळजवळ नेमकं ईशान्येला, ४५ अंशांवर. वारा पूर्वेकडचा असेल तर काम सोपं, उडायचं आणि जरासं डावीकडे वळायचं. पण पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की विमानाला आधी नागपूरकडे पाठ करून, पश्चिम-नैऋत्येला तोंड ठेवून उडावं लागतं आणि मग मोठा फेरा घेऊन परत फिरावं लागतं. सोनेगावची धावपट्टी १४/३२, म्हणजे आग्नेय-वायव्य. नैऋत्येकडून येणाऱ्याला तिथेही काटकोनात वळून रेषेत यायचंच आहे. दोन्हीकडचं मिळून वीस-तीस किलोमीटर सहज वाढतात.

दुसरं कारण आकाशातल्या वाटा. विमानं ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात आणि अधूनमधून पाच अक्षरी नावांच्या काल्पनिक खुणांवरून वळतात. दोन दिशांची वाहतूक उंचीनं वेगळी काढलेली असते. पूर्वेकडे तोंड असलेली विमानं विषम हजार फुटांवर (३३, ३५), पश्चिमेकडची सम हजारांवर (३४, ३६). नागपूरला जाणारं आणि तिथून येणारं विमान समोरासमोर आलं तरी मध्ये हजार फुटांचा थर राहतो.

तिसरं कारण हवाई दल. पुण्याचं लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, नाशिकच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स, नागपुरात हवाई दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालय. अशा ठिकाणांभोवतीचं आणि इतरत्रही बरंच आकाश लष्करी सरावासाठी राखलेलं असतं. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीच सांगितलं होतं की भारतातलं फक्त ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळेपणी वापरता येतं, आणि बंधनं सैल केली तर वर्षाला सुमारे एक हजार कोटी रुपये वाचतील. तेव्हापासून 'लवचीक वापर' वाढतोय: सराव नसेल त्या वेळी ते आकाश नागरी विमानांना द्यायचं. एकाच मार्गाला एका दिवशी पाच मिनिटं कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त लागण्यामागे हेही एक कारण असतं.

तिकिटावरची वेळ कसली?

तिकिटावर सुटण्याची वेळ लिहिलेली असते ती विमान जमिनीवरून उचललं जाण्याची नव्हे. विमान उभं असताना चाकांना पाचर लावलेली असते, तिला चॉक म्हणतात. पाचर काढून विमान जागचं हललं की वेळ सुरू. दुसऱ्या गावी जागेवर उभं राहून पुन्हा पाचर लागली की संपली. या सगळ्या वेळेला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर छापलेला असतो तो हा. हवेतला वेळ त्याच्या आतला, दहा-वीस मिनिटांनी कमी.

कंपन्या त्यातही थोडी सैल जागा ठेवतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वक्तशीरपणाचे आकडे दर महिन्याला जाहीर करतं आणि त्यात पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरला जातो. कागदावर सव्वा तासाचा प्रवास दीड तासाचा लिहिला तर वक्तशीर ठरणं सोपं होतं. 'आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोहोचलो आहोत' ही घोषणा ऐकून शेजारचा प्रवासी वैमानिकावर खूश होतो. खरं श्रेय बरेचदा वेळापत्रक आखणाऱ्याचं असतं. मी याला फसवणूक म्हणणार नाही. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि म्हणून एका वेळी एकच वापरता येते, तिथे आकाशात घिरट्या घालाव्याच लागतात. कोल्हापूर–मुंबईला तासाच्या वर वेळ दाखवतात ती मेख हीच. कोल्हापूर–नागपूरला दोन्ही टोकांना तेवढी गर्दी नाही, तिथे मोठी सैल जागा सोडायचं कारण नाही.

पावसाळा मात्र वेगळा. लहान विमानतळांवर ढगांतून अचूक खाली आणणारी रेडिओ यंत्रणा नेहमीच नसते, त्यामुळे उतरायला दृश्यमानता जास्त लागते. ढग खाली आले की विमान घिरट्या घालतं, नाहीतर दुसऱ्या विमानतळाकडे वळतं. त्या दिवशी माझा आडाखा आणि कंपनीचं वेळापत्रक, दोन्ही घडी करून ठेवायचे.

या मिनिटांना भाव असतो

अंतर आणि वेळ नुसत्या माहितीच्या गोष्टी नाहीत, यांच्यावर सरकार दर बांधतं. 'उडान' योजनेची पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ ला सुटली, शिमला–दिल्लीबरोबर त्यात आपलं नांदेड–हैदराबादही होतं. त्या योजनेत विमानातल्या ठरावीक जागांना तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये अशी मर्यादा घातली होती, आणि तासाभराचा प्रवास म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर असं धरलं होतं. पाचशे कशावरून? नजर एटीआरसारख्या विमानांवर होती म्हणून. जेटची आठशे-साडेआठशेची चाल धरली असती तर त्याच पैशात जास्त किलोमीटर द्यावे लागले असते.

मे २०२० मध्ये, टाळेबंदीनंतर विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा, सरकारनं अंतराऐवजी वेळ धरली. ४० मिनिटांपेक्षा कमी, ४० ते ६०, ६० ते ९० असे साडेतीन तासांपर्यंत सात गट पाडले आणि प्रत्येकाला किमान-कमाल भाडं ठरवून दिलं. ही व्यवस्था ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत टिकली. डिसेंबर २०२५ ला पुन्हा अंतर आलं, आणि ते जास्त सरळ वाटतं. वेळ विमानाच्या प्रकारावर हलते, वाऱ्यावर हलते, वेळापत्रक आखणाऱ्याच्या हातावर हलते. दोन विमानतळांमधले किलोमीटर कुणाच्या मर्जीनं वाढत नाहीत. फक्त एक गोष्ट बघून घ्यावी लागते: २०२५ च्या त्या मर्यादेतून उडानची उड्डाणं आणि बिझनेस क्लास वगळलेले होते.

मग घरातून निघाल्यापासून किती?

आता गडहिंग्लजहून अमरावतीला जायचं आहे असं धरा. उजळाईवाडीपर्यंत दीड तास. काउंटर सुटण्याच्या पाऊण ते एक तास आधी बंद होतो, म्हणजे दीड तास हाताशी ठेवून पोहोचायचं. विमानाचा दीड तास. सोनेगावला बॅग मिळून बाहेर पडायला अर्धा तास, तिथून अमरावतीला तीन तास. बेरीज आठ तास. त्यातला पूर्ण वेगानं उडण्याचा भाग बावीस मिनिटं! विमान ताशी आठशेचं असो की नऊशेचं, या बेरजेत दोन-चार मिनिटांपलीकडे काही हलणार नाही. हलवायचंच असेल तर अमरावतीच्या रस्त्यावर किंवा काउंटरपुढच्या रांगेत हलेल.

तरीही रेल्वेच्या अख्ख्या दिवसापुढे आठ तास म्हणजे निम्म्याहून बरेच कमी, आणि रात्रभराच्या ट्रॅव्हल्सपुढेही पाठ शाबूत राहते. पाचशे-साडेपाचशे किलोमीटरांच्या आतल्या प्रवासाला मात्र मी आधी रस्ता बघेन. ७०१ किलोमीटरची समृद्धी जून २०२५ मध्ये पूर्ण खुली झाल्यापासून नाशिक–नागपूरच्या विमानाला खालून चांगली टक्कर आहे. इगतपुरी ते नागपूर हा ६२५ किलोमीटरचा टप्पा सहा-सात तासांत होतो, आणि गाडी थेट घराच्या दारातून दारात जाते.

थेट विमान रोज नसेल तर लोक हैदराबादमार्गे जातात. कोल्हापूर–हैदराबाद ४४५ आणि हैदराबाद–नागपूर ४३०, मिळून ८७५ किलोमीटर. सरळ वाटेपेक्षा पावणेदोनशेच जास्त, कागदावर काहीच नाही. पण किमान आकार दोनदा पडला. दोन वेळा सरपटणं, दोन वेळा चढ-उतार, वर हैदराबादला पुढच्या विमानाची वाट बघणं. दोन उड्यांचं अंतर मिळून जेमतेम सव्वापट असूनही वेळ दुप्पट-तिप्पट होतो. आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची, स्वतंत्र काढलेली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. बॅगही हैदराबादच्या पट्ट्यावरून उचलून पुन्हा काउंटरवर द्यावी लागते. त्यामुळे मधे दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर ते स्वस्त दिसणारं जोडतिकीट मी तरी घेणार नाही.